हुर्राकाच्या बाटलीतला सोडा: अन्ननलिकेच्या पुनर्बांधणीचे एक प्रकरण

मी या रुग्णावर उपचार करणाऱ्या शस्त्रक्रिया पथकात होतो. ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत. निर्णय जसे घेतले तसे मांडले आहेत, चुकलेलेसुद्धा.

पार्श्वभूमी

रुग्ण गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावचा, ३८ वर्षांचा. पूर्वी खाणीवर ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्या तसा घरच्या कुळागरात, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेत, परतला. घरात आई, बायको आणि शाळेत जाणारी दोन मुले. बायको गावच्या स्वयंसाहाय्य गटात खोबरेल तेलाचा साबण करायची. त्यासाठी कॉस्टिक सोड्याच्या पापड्या पाण्यात विरघळवून ते पाणी निवत ठेवावे लागते. त्या दिवशी थोडे पाणी उरले. फेकायचे जिवावर आले म्हणून तिने ते लिंबू सरबताच्या एका रिकाम्या बाटलीत भरले आणि न्हाणीघराच्या खिडकीत ठेवले. एप्रिल महिना होता. त्याच आकाराच्या, त्याच झाकणाच्या दोन बाटल्या भरून घरात हुर्राक, म्हणजे काजूच्या रसाची पहिल्या धारेची दारू, आलेला होता.

काजूच्या मोसमात गोव्यातल्या कुठल्याही घरात डोकावले तर हेच दिसेल. भट्टीवरून हुर्राक मिळतो तो अशाच वापरलेल्या बाटल्यांतून. दिसायला पाण्यासारखा. सोड्याचे पाणीही तसेच, आणि त्याला वास नाही. संध्याकाळी कुळागरातून घामाघूम होऊन आलेल्या माणसाने अंधारात बाटली उचलली, झाकण काढले आणि एक मोठा घोट घेतला. जिभेला कळेपर्यंत घोट खाली गेला होता.

पुढची दहा मिनिटे घरच्यांनी सुचेल ते केले. शेजारच्या वडीलधाऱ्यांनी लिंबाचे पाणी पाजले, कारण सोडा आंबटाने मरतो हे स्वयंपाकघरातले शहाणपण. ते बरणीत खरे आहे, घशात नाही. क्षार आणि आम्ल एकत्र आले की उष्णता निघते आणि भाजलेल्या जागी पुन्हा भाजते. मग कुणीतरी घशात बोट घालून ओकारी काढायला लावली. त्यामुळे तोच सोडा त्याच वाटेने दुसऱ्यांदा वर आला. एक गोष्ट मात्र मेहुण्याने फार चांगली केली: बाटली बरोबर घेतली. काय गिळले याचा आम्हाला अंदाज बांधावा लागला नाही.

आम्लाने भाजते तेव्हा वरच्या थरावर कडक खपली धरते आणि ती आम्लाला थोडेफार अडवते. क्षाराचे तसे होत नाही. तो पेशींमधली चरबी आणि प्रथिने विरघळवत आत उतरत जातो. साबण करताना कढईत जे घडते, जवळपास तेच अन्ननलिकेच्या भिंतीत घडते. तीव्र द्रावण असेल तर भिंतीची पूर्ण जाडी भाजायला काही सेकंद पुरतात.

पहिले दोन दिवस

१०८ची रुग्णवाहिका आली, जवळच्या आरोग्य केंद्रात सलाइन लागले आणि तिथून मोठ्या रुग्णालयात. आमच्यापर्यंत पोचेस्तोवर दोन तास उलटले होते. तोंडातून लाळ गळत होती, आवाज बसला होता आणि श्वास घेताना घशातून शीळ घातल्यासारखा आवाज यायला लागला होता.

पहिला निर्णय इथेच होता आणि त्याचा पोटाशी काही संबंध नव्हता. कान-नाक-घसा विभागाच्या डॉक्टरांनी बारीक दुर्बिणीतून पाहिले तेव्हा स्वरयंत्रावरचे झाकण सुजून बोराएवढे झाले होते. तोंडातून श्वासनळीत नळी घालायचा प्रयत्न करावा, की सरळ मानेला छेद देऊन श्वासनळीला तिथून वाट करावी, म्हणजे ट्रॅकिऑस्टॉमी करावी? प्रयत्न फसला तर दुसरी संधी मिळणार नव्हती. रुग्ण जागा असताना, फक्त जागा बधिर करून ट्रॅकिऑस्टॉमी केली. या निर्णयाबद्दल आमच्यात आजही दुमत नाही.

मग सीटी स्कॅन. पाहायचे एवढेच होते की अन्ननलिकेची भिंत जिवंत आहे का. शिरेतून दिलेले औषध भिंतीत शोषले जात असेल तर रक्तपुरवठा चालू आहे. भिंत मेली असेल तर त्याच रात्री अन्ननलिका काढावी लागते, नाहीतर ती फुटून छातीभर पू होतो. भिंत सुजली होती पण जिवंत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी एंडोस्कोपी केली. भाजण्याची प्रत ठरवायला आपण जी वर्गवारी वापरतो ती झरगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चंडीगडहून १९९१मध्ये प्रसिद्ध केलेली. त्या मोजपट्टीवर अन्ननलिकेचा वरचा भाग २ब, म्हणजे खोल आणि गोलाकार व्रण, तर मधला आणि खालचा भाग ३अ, म्हणजे ठिकठिकाणी काळे पडलेले तुकडे. जठराच्या तोंडाशी फारसे काही नव्हते, पण सोडा जठराच्या आतल्या कडेने ओघळत जाऊन शेवटच्या भागात साचला होता आणि तिथेही व्रण होते. ही शेवटची ओळ अहवालात तळाला होती. पुढे आठ महिन्यांनी तिच्यावर बरेच काही ठरले.

२ब आणि त्यावरच्या प्रतींमध्ये अन्ननलिका पुढे आक्रसण्याची शक्यता फार मोठी असते. घरच्यांना हे दुसऱ्या दिवशीच सांगितले. आईने सगळे ऐकून घेतले आणि एकच विचारले, "दोतोर, माझ्या पुताच्या गळ्याखाली पेज कधी उतरेल?" मी म्हटले, दोन-तीन महिने लागतील. इतके ठाम उत्तर द्यायला नको होते.

अडचण

पाचव्या दिवशी पोषणाचा प्रश्न समोर आला. नाकातून नळी आंधळेपणाने सरकवणे धोक्याचे. पोटावरून थेट जठरात नळी घालणे, म्हणजे गॅस्ट्रोस्टॉमी, सोपे आणि लवकर होणारे. पण पुढे अन्ननलिका बदलायची वेळ आलीच तर जठर हाच पहिला पर्यायी माल असतो. त्याला आत्ताच भोक पाडून पोटाच्या भिंतीला चिकटवायचे कशाला? म्हणून नळी लहान आतड्यात घातली. तिला जेजुनोस्टॉमी म्हणतात. घरच्यांच्या भाषेत ती 'पोटातली नळी' झाली.

सातव्या आठवड्यात ट्रॅकिऑस्टॉमी काढली आणि रुग्ण घरी गेला. पोटातल्या नळीवर जगणे म्हणजे काय हे डिस्चार्ज कार्डावर मावत नाही. जठर कोठार असते, एकदम अर्धा लिटर टाकले तरी सांभाळून घेते. लहान आतडे तसे नाही. त्यात घाईने सोडले की पोटात मुरडा, जुलाब, घाम. दूध, अंडे, नाचणी, तेल, साखर मिसळून पातळ केलेले खाद्य तासाला शंभर मिलीलिटरच्या आसपास, थेंबथेंब सोडायचे. पहिल्याच आठवड्यात बायकोने घरी नेहमी करतात तसे नाचणीचे तिजान करून घातले आणि नळी तुंबली. मग मलमलीच्या फडक्यातून दोनदा गाळायचे आणि प्रत्येक वेळी आधी-नंतर ३० मिली कोमट पाणी ढकलायचे हा नेम बसला. शेवटची बाटली रात्री बाराला संपायची. तिने एका शाळकरी वहीत सगळे लिहून ठेवले: किती घातले, किती वाजता, पोट कसे होते, वजन किती. आमच्या फायलीपेक्षा ती वही जास्त उपयोगी ठरली.

त्या घरात आणखी एक जखम होती. बाटली तिने ठेवली होती. सासूने तोंडावर कधी काही म्हटले नाही, पण वॉर्डात दोघी एका बाकावर बसत नसत. घोट चुकून घेतला गेला की जाणूनबुजून, हे मानसोपचार विभागाने रुग्णाला एकट्याला विचारले. ते विचारावेच लागते. वेगवेगळ्या डॉक्टरांनी तेच चार वेळा विचारल्यावर तो भडकला, आणि त्याचे बरोबरच होते.

चौथ्या आठवड्यात कॉन्ट्रास्ट, म्हणजे एक्स-रेत उठून दिसणारे औषध, पाजून एक्स-रे काढला होता. दातांपासून १८ सेंटिमीटरवर आकुंचन सुरू होत होते आणि सुमारे १२ सेंटिमीटर लांब, वेडेवाकडे खाली जात होते. लांबीच्या या आकड्याशेजारी कागदावर रुंदीचाही एक आकडा होता. आमचे लक्ष रुंदीवर खिळले.

डायलेशनचे महिने

आक्रसलेली अन्ननलिका रुंद करायला तारेवरून एकेक जाड होत जाणाऱ्या निमुळत्या काड्या सरकवतात, त्याला डायलेशन म्हणतात. एका बैठकीत, अडथळा जाणवू लागल्यावर, तीन मापांपेक्षा पुढे जायचे नाही असा दंडक आहे. पाच मिलिमीटरपासून सुरुवात केली. जूनमध्ये आठ, जुलैअखेर अकरा. व्रणाच्या वणात स्टिरॉइडची इंजेक्शनेही दिली. अकरा मिलिमीटरला पेज उतरू लागली. पहिल्यांदा उतरली त्या दिवशी आईने वॉर्डातल्या सगळ्यांना साखर वाटली.

ऑगस्टमध्ये रुग्णाने हट्ट धरला की चवथीआधी पोटातली नळी काढा. घरी गणपती, पाहुणे येणार, आरतीला उघड्या अंगाने उभे राहायचे आणि पोटाला नळी चिकटवलेली. वजन तेव्हा ६० किलो होते, अपघाताआधी ६८. आमच्यातल्या दोघांचे मत होते की तोंडाने खाऊन वजन दोन महिने टिकल्याशिवाय नळीला हात लावू नये. तिसरा म्हणाला, माणूस पेज पितो आहे, भात कालवून खातो आहे, त्याला किती छळायचे? तो तिसरा मीच. नळी काढली.

दसऱ्यापर्यंत भात अडकायला लागला होता. तो घरच्यांपासून लपवत होता. परसात जाऊन ओकायचा. नोव्हेंबरात वजन ५१ झाले. ठरलेल्या तारखेआधीच डायलेशन केले, नववी बैठक. संध्याकाळी छातीत दुखू लागले आणि मानेच्या कातडीखाली हवा चुरचुरू लागली. अन्ननलिका फाटली होती. नशिबाने फाट लहान होती आणि आजूबाजूच्या वणाने ती झाकून धरली होती. अकरा दिवस तोंडाने काही न देता, अँटिबायोटिकवर भागले. पोटात पुन्हा नळी घालावी लागली. वजन ४८.

पाच बैठका, दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने करूनही १४ मिलिमीटर गाठता येत नसेल तर ते आकुंचन डायलेशनला दाद न देणारे मानावे, अशी व्याख्या २००५पासून सर्वमान्य आहे. आमच्या रुग्णाने ही रेषा जुलैअखेरीलाच ओलांडली होती. फायलीत तसा शेराही आहे, माझ्याच अक्षरात.

पर्याय

डिसेंबरात सगळे विभाग एकत्र बसले. डायलेशन चालू ठेवणे: फाटल्यानंतर पुन्हा तीच वाट नको, यावर पाच मिनिटांत एकमत. तात्पुरता स्टेंट, म्हणजे आतून आधार देणारी नळी: आकुंचन फार वर सुरू होत होते, स्टेंटचे वरचे तोंड घशात टोचत राहिले असते. मग उरली शस्त्रक्रिया, आणि खरी चर्चा नवी नळी कशाची करायची यावर झाली.

जठर वर ओढून मानेत जोडणे हा सोपा पर्याय. एकच जोड, रक्तपुरवठा भरवशाचा. पण त्या विसरलेल्या ओळीने आता डोके वर काढले. बारीक दुर्बिणीने पाहिले तर जठराचा शेवटचा भाग वणाने आवळला होता. शिवाय जोड घशाच्या अगदी जवळ येणार, म्हणजे जठराचा आंबट रस आडवे झाल्यावर स्वरयंत्रापर्यंत पोचणार. कर्करोगाच्या रुग्णात आपण हे पत्करतो. चाळिशीही न गाठलेल्या, पुढे तीस-चाळीस वर्षे जगायच्या माणसाला ते त्याहून जड जाते.

लहान आतडे वापरण्याचा मार्ग सर्वांत जुना. लोझानच्या सेझार रू यांनी १९०७मध्ये अशाच आकुंचनासाठी लहान आतडे छातीच्या कातडीखालून वर नेले होते. पण त्याच्या रक्तवाहिन्यांची कमान आखूड, मानेपर्यंत पोचवायला सूक्ष्मदर्शकाखाली जादा रक्तवाहिन्या जोडाव्या लागतात. मोठे आतडे लांब असते, त्याला आम्लाचा त्रास कमी होतो आणि जठर पोटातच राहून कोठाराचे काम करू शकते. उलट बाजू अशी की एकाऐवजी तीन जोड, आणि एका रक्तवाहिनीच्या भरवशावर सगळा डोलारा. आम्ही मोठ्या आतड्याची डावी बाजू निवडली.

दुसरा वाद जास्त लांबला: जुनी अन्ननलिका काढायची की आतच ठेवायची? क्षाराने भाजलेल्या अन्ननलिकेत पुढे कर्करोग होण्याचा धोका सर्वसामान्यांच्या १००० ते ३००० पट असल्याचे पाठ्यपुस्तके सांगतात, पण तो साधारणपणे काही दशकांनी. आणि ती काढायची तर वणाने श्वासनळीला, महारोहिणीला चिकटलेली नळी सोडवायची. फाटून बरी झालेली नळी तर आणखीच चिकटलेली. बायकोने नेमके विचारले, "जुनी आत ठेवली तर ती कुजणार नाही?" तिला कागदावर आकृती काढून दाखवले की वरचे तोंड शिवून बंद करू पण खालचे जठरात उघडे ठेवू, म्हणजे आत बनणारा चिकट स्राव खाली निचरत राहील. दोन्ही तोंडे बंद केली असती तर तिची शंका रास्त ठरली असती. अशा बंद नळीत स्राव साचून ती फुगते. आत ठेवायचे ठरले, वर्षाला एक सीटी या अटीवर.

काय केले

घाई केली नाही. नऊ आठवडे फक्त पोटातल्या नळीने खाद्य, वजन ५५वर आणले. वही पुन्हा सुरू झाली. गिळण्याचे प्रशिक्षण देणाऱ्या थेरपिस्टकडे शस्त्रक्रियेआधीच पाठवले, कारण आठ महिन्यांत माणूस गिळायचे विसरतो. हनुवटी छातीला टेकवा, श्वास रोखा, गिळा, लगेच खोका, मग श्वास घ्या. आधी स्वतःच्याच लाळेवर सराव.

मोठ्या आतड्याची कोलोनोस्कोपी केली. पोट साफ करण्याचे औषध त्याला पिता येत नव्हते, ते चार लिटर पोटातल्या नळीतूनच गेले. रक्तवाहिन्यांचा सीटी काढला. डाव्या बाजूची रक्तवाहिनी आणि आतड्याच्या कडेने धावणारी कमान प्लीहेजवळच्या वळणावर सलग आहे की तुटक, हे आधी पाहणे महत्त्वाचे. तिथे ती काही जणांत बारीक असते. याची सलग होती.

शस्त्रक्रिया अपघातानंतर अकरा महिन्यांनी झाली. सात तास. एक चमू पोटात, एक मानेत. आतडे मोकळे केल्यावर मधली रक्तवाहिनी कापायच्या आधी तिच्यावर चिमटा लावून पंधरा मिनिटे थांबलो. या पंधरा मिनिटांत करण्यासारखे काही नसते. आतड्याच्या टोकाचा रंग पाहायचा आणि कमानीतली नाडी बोटाने चाचपायची. नाडी राहिली, रंग गुलाबी राहिला, तेव्हाच कापले.

नव्या नळीचा मार्ग उरोस्थीच्या मागून ठेवला. तिथे वरचे दार अरुंद असते. नळी तिथे चिमटली तर धमनी चालू राहते पण शीर दबते आणि आतडे काळेनिळे पडते. म्हणून उरोस्थीच्या वरच्या तुकड्याचा डावा अर्धा भाग आणि कॉलरबोनचे टोक काढून दार रुंद केले. आतडे घासू नये, पीळ पडू नये म्हणून निर्जंतुक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, एका बाजूला खुणेचा टाका घालून वर ओढले. मानेत, घशाखाली शिल्लक असलेल्या जेमतेम दोन सेंटिमीटर धड अन्ननलिकेशी जोडले. खाली जठराच्या मागच्या भिंतीला. आवळलेल्या जठराला दुसरी वाट हवी म्हणून लहान आतड्याशी आणखी एक जोड. उरलेल्या मोठ्या आतड्याची टोके एकमेकांना.

परिणाम

सहाव्या दिवशी मानेच्या पट्टीवर लाळ दिसली. जोड गळत होता. मानेतला जोड गळणे या शस्त्रक्रियेत विरळ नाही आणि बहुतेकदा तो आपोआप भरतो. भीती असते ती वर नेलेले आतडेच मेल्याची. बारीक दुर्बीण आत घालून पाहिले. आतले अस्तर गुलाबी होते. पुन्हा उघडायचे नाही असे ठरवले. जखम थोडी मोकळी केली, पट्ट्या दिवसाला चार-पाच वेळा बदलल्या, खाद्य नळीतून चालू. एकोणीस दिवसांत गळती थांबली. एक्स-रेमध्ये कॉन्ट्रास्ट सरळ खाली उतरताना दिसल्यावर दुसऱ्या दिवशी पेजेची निवळ दिली, पाच चमचे. आई तेव्हा वॉर्डात नव्हती. रुग्णाच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, फोन करून सांगितले, आणि पलीकडून बराच वेळ काही आवाजच आला नाही.

आवाज दोन महिने घोगरा राहिला. डावी स्वरपट्टी मंदावली होती, पाचव्या महिन्यापर्यंत बरीच सुधारली. दहाव्या आठवड्यात मानेतला जोड आवळला, तीन डायलेशनमध्ये मोकळा झाला. या वेळी पोटातली नळी केव्हा काढायची यावर वाद झाला नाही: तोंडाने खाऊन दोन महिने वजन टिकल्यावर. ती पाचव्या महिन्यात निघाली. मधे आलेल्या शिगम्याला त्याने तिच्यावर सैल सदरा घातला.

शस्त्रक्रियेनंतर चौदा महिन्यांनी वजन ६१ आहे. शीत आणि हुमण, म्हणजे भात आणि माशाची आमटी, खातो, पण काटे काढून, सावकाश. पोई, म्हणजे गोव्याचा पाव, भिजवून. मोठे आतडे अन्ननलिकेसारखे ढकलत नाही, घास बराचसा गुरुत्वाकर्षणाने खाली जातो, म्हणून जेवताना ताठ बसणे आणि जेवणानंतर दोन-तीन तास आडवे न होणे सक्तीचे. रात्री खाटेची डोक्याची बाजू विटांवर चढवलेली असते. छातीत कधीकधी गुडगुड ऐकू येते, मुलांना त्याची मजा वाटते. माडावर चढणे सोडले. हुर्राकही सोडला, त्याबद्दल आम्ही काही बोललो नव्हतो.

खर्चाचे एक सांगायला हवे. शस्त्रक्रिया आणि रुग्णालयातला खर्च सरकारी व्यवस्थेत भागला. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचेही कवच आहे, तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा अधिक जणांच्या कुटुंबाला चार लाख. पण दोन वर्षे बुडालेली मजुरी, सत्तरीहून दर पंधरवड्याची ये-जा, अंडी-दूध आणि पट्ट्या यांना कुठलेच कार्ड लागू पडत नाही. त्यासाठी वहिनींनी दोन सोनसाखळ्या गहाण ठेवल्या होत्या, हे आम्हाला फार उशिरा कळले.

वेगळे काय करता आले असते

चौथ्या आठवड्यातल्या एक्स-रेवर आकुंचन १२ सेंटिमीटर लांब दिसत होते. लांब, वेडीवाकडी, अनेक ठिकाणी आवळलेली नळी डायलेशनने कायमची खुली राहणे अवघड, हे आम्हाला माहीत होते. तरी पाच-सहा बैठका करून पाहणे योग्यच होते. बरेच रुग्ण तेवढ्यावर सुटतात. जुलैअखेर थांबून शस्त्रक्रियेचा विषय काढायला हवा होता. शस्त्रक्रिया तेव्हा लगेच केली नसती, कारण वण पक्का व्हायला किमान सहा महिने द्यावेच लागतात. पण ती तयारीची वाट ठरली असती: पोटातली नळी राहिली असती, वजन चढते राहिले असते, आणि नववी बैठक, म्हणजे ती फाटही, टळली असती. आम्ही दर बैठकीला मिलिमीटर लिहीत गेलो. किलो फक्त वहिनींच्या वहीत होते, आणि ऑगस्टनंतर नळी गेल्यामुळे ती वहीही बंद झाली. आता आमच्या डायलेशनच्या कागदावर वजनाचा रकाना आहे. तो रिकामा असेल तर परिचारिका रुग्णाला टेबलावर घेत नाहीत.

नळी काढण्याच्या निर्णयाबद्दल मी अजून स्वतःशी वाद घालतो. त्याची लाज खरी होती. तिला उत्तर नळी काढणे हेच होते का? दुसऱ्या वेळी आम्ही कातडीलगत बसणारे बुटके बटण बसवले. ते कपड्याखाली दिसत नाही. ऑगस्टमध्येही ते मिळत होते. विचारायचे सुचले नाही, कारण आमच्या दृष्टीने प्रश्न पोषणाचा होता आणि त्याच्या दृष्टीने आरतीचा.

जठराच्या तळाच्या व्रणाची नोंद ठळकपणे पुढे नेली असती तर नळी कशाची करायची यावरची निम्मी चर्चा आधीच झाली असती. त्याने निकाल बदलला नसता.

घरी लिंबाचे पाणी पाजले, ओकारी काढली, याने किती नुकसान वाढले हे सांगता येणार नाही. त्या शेजाऱ्यांना मात्र मी भेटलो. त्यांना कुणीतरी सांगितले होते की त्यांच्यामुळे हे झाले. तसे नाही, एवढे मी त्यांना सांगितले, आणि पुढे असे झाले तर काय करायचे तेही: चूळ भरून थुंकायला लावा, घशाखाली काही देऊ नका, बसवून ठेवा, १०८ बोलवा आणि बाटली बरोबर द्या. अमेरिकेत शेव्हॅलियर जॅक्सन या घशाच्या डॉक्टरांनी भाजलेल्या अन्ननलिकांची मुले पाहून पाहून हात टेकले आणि कॉस्टिकच्या डब्यावर विषाचे लेबल सक्तीचे करणारा कायदा १९२७मध्ये करून घेतला. लेबल डब्यावर असते. आपल्याकडे सोडा डब्यातून निघून बाटलीत जातो तिथे ते मागे राहते. वहिनींच्या गटाने आता सोड्याचे उरलेले पाणी ठेवायचेच नाही असे ठरवले आहे. मोजून घ्यायचे आणि तेलात संपवायचे.

पहिल्या वर्षाचा सीटी स्वच्छ आला. जुन्या नळीत स्राव साचलेला नाही. पुढचा सीटी येत्या मार्चमध्ये आहे. तारीख वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेली मी पाहिली.